निवृत्त धावकाचे दत्तकविधान

सेवानिवृत्ती ही मनुष्यप्राण्याला न साधलेली कला आहे, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. नियत वयोमानानुसार कार्यालयातून बाहेर पडलेला अधिकारी दारावरच्या पाटीत नावाखाली ‘निवृत्त’ हा शब्द घालून आपले पद तहहयात ताब्यात ठेवतो, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत इतिवृत्ताच्या मसुद्यावर शेरे मारतो आणि सकाळच्या फेरीत भेटणाऱ्या प्रत्येकाला, आपल्या काळी खाते कसे चालत असे, याचे निरूपण ऐकवतो. म्हणजे त्याचे सुटलेले असते ते केवळ वेतन. याच्या नेमके उलट उदाहरण ब्रिटन, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया या देशांत सापडते. तेथे शर्यतीच्या ट्रॅकवरून निवृत्त झालेले ग्रेहाउंड जातीचे कुत्रे निवारा-संस्थांमार्फत सामान्य कुटुंबांत दत्तक दिले जातात. ताशी साठ ते सत्तर किलोमीटर वेगाने धावू शकणारा हा प्राणी कामावरून सुटल्यावर कामाचे नावसुद्धा काढत नाही आणि पूर्वकर्तृत्व लोकांना सांगण्याची सगळी जबाबदारी दत्तक घेणाऱ्या माणसावर सोपवून स्वतः सोफ्यावर आडवा होतो. निवृत्ती एकाने घ्यावी आणि तिचे मिरवणे दुसऱ्याने करावे, हा जो श्रमविभाग येथे आढळतो, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ग्रेहाउंड हा दृष्टीने शिकार करणाऱ्या श्वानकुळातला, म्हणजे वास घेत माग काढण्याऐवजी भक्ष्य डोळ्यांनी हेरून ते वेगाने गाठणारा कुत्रा होय. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अ‍ॅरियन या ग्रीक लेखकाने सेल्ट लोकांच्या अशा कुत्र्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला असून त्यात शिकारीच्या तंत्राबरोबरच, या कुत्र्याला मऊ आणि उबदार अंथरूण द्यावे व त्याने माणसाजवळ झोपावे हे उत्तम, असाही उपदेश केला आहे. अठराशे वर्षांनंतर इंग्लंडमधील घरोघरच्या पलंगांवर या उपदेशाचे जे काटेकोर पालन चालले आहे, ते पाहता कुत्र्यांच्या परंपरेत ग्रंथाचा तेवढाच अध्याय टिकला असावा असे दिसते.

मोकळ्या रानात जिवंत सशामागे दोन कुत्रे सोडून त्यांचे कसब जोखण्याच्या स्पर्धेला कोर्सिंग म्हणतात. लँकशायरमधील वॉटर्लू कप ही त्यातली सर्वांत मानाची स्पर्धा १८३६ मध्ये सुरू झाली आणि मधले खंड धरून २००५ पर्यंत चालली. त्यानंतर शिकारबंदीच्या कायद्याने ती थांबवली. मात्र त्याच्या पुष्कळ आधी अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ या गृहस्थांनी सशाला या व्यवहारातून मुक्त करण्याचा उपाय शोधला होता. त्यांनी रुळावरून पळणारा यांत्रिक ससा तयार केला आणि १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे त्याच्याभोवती लंबवर्तुळाकार ट्रॅक उभा राहिला. हा खेळ ब्रिटनमध्ये पोहोचला तो २४ जुलै १९२६ रोजी, मँचेस्टरच्या बेल व्ह्यू स्टेडियममध्ये. दिवसभर गिरणीत राबलेल्या माणसाला संध्याकाळी घराजवळच, दिव्यांच्या उजेडात, अल्प तिकिटात पैसे हरण्याची सोय या खेळाने करून दिल्यामुळे तो पाहता पाहता देशभर पसरला. ब्रिटिश पद्धतीत एका शर्यतीत सहा कुत्रे धावतात. ज्या पेटीसारख्या कप्प्यांतून ते सोडले जातात त्यांना ट्रॅप म्हणतात आणि ट्रॅपच्या क्रमाने कुत्र्यांना लाल, निळे, पांढरे, काळे, नारिंगी व सहाव्याला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे जाकीट घालतात. गणवेश असलेली, वेळापत्रक असलेली आणि सेवापुस्तक ठेवली जाणारी अशी ही नोकरी आहे.

या नोकरीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ४८० मीटरांची शर्यत साधारणपणे तीस सेकंदांच्या आतबाहेर संपते. त्यामुळे शंभर शर्यती धावलेल्या, म्हणजे भरपूर सेवा केलेल्या कुत्र्याची प्रत्यक्ष शर्यतीतली एकूण सेवा भरते पन्नास मिनिटे. ज्या कार्यालयांत तेवढ्या अवधीत एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावर जात नाही, तेथील कर्मचारीवर्गाला हा आकडा ऐकून हेवा वाटणे स्वाभाविक आहे; परंतु ही पन्नास मिनिटे हलकी लेखता येत नाहीत. ग्रेहाउंडची चौखूर धाव अशी असते की एका ढांगेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटलेले असतात, आणि या वेगात सहा जण पहिल्या वळणावर एकाच वेळी पोहोचले की धडक, पडणे आणि पायाचे हाड मोडणे हे प्रकार घडतात. शिवाय ज्याच्यासाठी हे सगळे करायचे तो ससा कधीही हाती लागत नाही, कारण यंत्रावर बसलेला माणूस त्याला नेहमी चार पावले पुढे ठेवतो. पदोन्नतीच्या बाबतीत ज्यांनी सेवाभर हाच अनुभव घेतला आहे, त्यांना या यंत्राची रचना वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. फरक एवढाच, की कुत्रा निवृत्त झाल्यावर त्या सशाविषयी न्यायाधिकरणाकडे दाद मागत नाही.

महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळणारी निवृत्ती ग्रेहाउंडला तीन ते पाच या वयात मिळते. दुखापत झाली, वेग उतरला किंवा कुत्रा शर्यतीत सशाऐवजी शेजाऱ्याकडे अधिक लक्ष देऊ लागला, की त्याचे नाव पटावरून उतरते. काही उमेदवार तर चाचणीच्याच वेळी आपल्याला त्या चिंधीच्या सशात कसलेही स्वारस्य नाही हे स्पष्ट करतात आणि एकही दिवस नोकरी न करता निवृत्त होतात. ग्रेहाउंडचे आयुर्मान दहा ते तेरा वर्षांचे धरले, तर सेवेपेक्षा निवृत्तीचा काळ कितीतरी मोठा ठरतो, आणि नेमका हाच काळ कोठे व कोणाच्या खर्चाने काढायचा याचा विचार या उद्योगाने पुष्कळ वर्षे केला नव्हता. २००६ मध्ये संडे टाइम्स या वृत्तपत्राने उघडकीस आणले की इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात सीहॅम येथे एका इसमाने पंधरा वर्षांत दहा हजारांच्या घरात निकामी ठरलेले ग्रेहाउंड मोबदला घेऊन मारले व पुरले होते. त्यानंतर चौकशा झाल्या आणि २०१० मध्ये इंग्लंडात शर्यतीच्या ग्रेहाउंडच्या कल्याणासाठी स्वतंत्र नियम लागू झाले. दत्तकविधानाच्या पुढील सर्व गमतीजमती या खड्ड्याच्या काठावर उभ्या आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

निवृत्तांना घरे मिळवून देणाऱ्या संस्था अर्थातच त्यापूर्वीपासून होत्या. ब्रिटनमधील ग्रेहाउंड ट्रस्ट १९७५ पासून हे काम करीत आहे, आणि ऑस्ट्रेलियात राज्याराज्यांतून ग्रेहाउंड दत्तक कार्यक्रम चालतात. २०२० मध्ये ब्रिटनमधील नियामक मंडळाने निवृत्ती योजना सुरू केली. तिच्यानुसार कुत्र्याची नोंदणी होतानाच मालक आणि मंडळ मिळून चारशे पौंडांची रक्कम बाजूला ठेवू लागले व कुत्रा निवृत्त झाला की ती त्याला घर शोधून देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेला मिळू लागली. सेवेच्या पहिल्याच दिवशी उपदानाची तरतूद करणारी आणि ते उपदान निवृत्ताच्या मुलाबाळांच्या नजरेस न पडू देणारी ही योजना वित्त विभागाच्या अभ्यासाला योग्य आहे. कधीकधी एकेक नव्हे, तर सगळे कार्यालयच एकदम निवृत्त होते. २०१८ मध्ये मकाव येथील कॅनिड्रोम हा जुना ट्रॅक बंद पडला, तेव्हा पाचशेहून अधिक ग्रेहाउंडची पाठवणी निरनिराळ्या देशांत करावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या मतदारांनी सुमारे ६९ टक्के मतांनी या शर्यती २०२० अखेर बंद करण्याचा कौल दिला आणि तेथील कुत्र्यांना घरे देण्यासाठी संस्थांना धावपळ करावी लागली. या प्रकरणात धावपळ हा शब्द कुत्र्यांपेक्षा माणसांना अधिक लागू पडतो, याचा प्रत्यय पुढे पदोपदी येतो.

दत्तक घेण्याची रीत गंभीर असते. इच्छुक कुटुंबाने अर्ज भरायचा. त्यात घरातील माणसे, मुलांची वये, मांजरे, कामाचे तास, बागेच्या कुंपणाची उंची आणि जिन्याच्या पायऱ्या यांची माहिती द्यायची. मग संस्थेचा स्वयंसेवक घरी येऊन कुंपण हलवून बघतो, फटकाच्या कडीची परीक्षा घेतो आणि कुत्रा दिवसात किती वेळ एकटा राहील याविषयी उलटतपासणी करतो. साताऱ्याच्या छत्रपतींनी मृत्युशय्येवर विधिपूर्वक घेतलेले दत्तक ज्या राष्ट्राच्या गव्हर्नर-जनरलने १८४८ मध्ये नामंजूर करून राज्य खालसा केले, त्याच राष्ट्रात एका लंगड्या कुत्र्याचे दत्तकविधान मंजूर होण्यासाठी आज किती साक्षीपुरावा लागतो, हे पाहून मराठी वाचकाच्या मनात संमिश्र भावना उत्पन्न झाल्यास नवल नाही. साताऱ्याच्या वारसाकडे कुंपण नव्हते असे नाही. कुंपण तपासायला येणाऱ्याला मात्र ते आतल्या मुलुखासकट हवे होते.

कुटुंबात मांजर असल्यास कुत्र्याची स्वतंत्र परीक्षा होते. संस्थेतील एखाद्या अनुभवी मांजरासमोर, तोंडाला मुसके बांधून आणि दोरी घट्ट धरून कुत्र्याला नेतात व तो त्या मांजराकडे कोणत्या नजरेने पाहतो याची नोंद करतात. मांजराकडे पाहून मान फिरवली तर उत्तीर्ण, थिजून टक लावली तर अनुत्तीर्ण. या परीक्षेत खरी प्रशंसा करावी ती मांजराची, कारण ताशी सत्तर किलोमीटरच्या उमेदवारांपुढे रोज बसून अंग चाटत राहणे ही परीक्षकाच्या निःपक्षपातीपणाची परिसीमा आहे.

यानंतर कुत्रा घरी येतो आणि दोन्ही पक्षांचे अज्ञान उघडे पडते. शर्यतीचा ग्रेहाउंड केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या कोठ्यांच्या चाळीत, आपल्याच जातीच्या सोबत्यांबरोबर वाढलेला असतो. त्याला वाहनात चढणे, वजन करून घेणे, अनोळखी माणसाने कान-दात तपासणे हे सगळे ठाऊक असते. मात्र काचेचे दार, आरसा, गुळगुळीत लाकडी जमीन, कपडे धुण्याचे यंत्र आणि दूरदर्शन संच यांपैकी काहीच त्याने पाहिलेले नसते. काचेच्या दारातून तो सरळ पलीकडे जाऊ पाहतो, म्हणून पहिल्या आठवड्यात घरभरच्या काचांवर कागदाचे तुकडे चिकटवावे लागतात. आरशात दिसणाऱ्या सहकाऱ्याकडे तो शिष्टाचार म्हणून शेपटी हलवतो आणि उत्तर त्याच रीतीने आलेले पाहून समाधानाने पुढे जातो.

सर्वांत मोठा पेच जिन्याचा. सपाट वाळूवर सहाजणांत पहिला येणारा हा धावपटू पहिल्या पायरीशी येऊन असा उभा राहतो, की जणू स्थापत्यशास्त्राने केलेली ही वैयक्तिक आगळीक आहे. संस्थेच्या मार्गदर्शनानुसार एका माणसाने पुढून दोरी धरायची, दुसऱ्याने मागून त्याचे पाय एकेक उचलून वरच्या पायरीवर ठेवायचे आणि सुमारे तीस किलो वजनाचा तो देह हळूहळू वर न्यायचा. काही कुटुंबांत प्रात्यक्षिकाचा मार्ग अवलंबला जातो, म्हणजे घरातील कर्ता पुरुष स्वतः चारी हातापायांवर जिना चढून दाखवतो आणि कुत्रा खाली उभा राहून ते काळजीपूर्वक पाहतो. काही दिवसांनी तो चढायला शिकतो. उतरणे हा अभ्यासक्रमाचा वेगळा भाग असल्याचे तेव्हा लक्षात येते आणि वरच्या मजल्यावरून येणाऱ्या करुण स्वरामुळे कर्त्या पुरुषाला पुन्हा पाचारण होते.

शरीररचनेचा विचार केला तर ग्रेहाउंड हे धावण्याचे यंत्र आहे, यात संशय नाही. देहाच्या मानाने त्याचे हृदय मोठे असते, रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा अधिक असते, आणि त्यामुळे पशुवैद्यकीय रक्तपेढ्यांना हा दाता विशेष प्रिय असतो. चरबी अत्यल्प असल्याने भूल देण्याची काही औषधे त्याच्या शरीरातून फार सावकाश उतरतात, म्हणून पशुवैद्याला त्याच्यासाठी वेगळा हिशेब करावा लागतो. दिवसाचा मोठा भाग झोपण्यात घालवणाऱ्या या प्राण्याला काही आजार आहे की काय, अशी शंका घेऊन नवा मालक त्याची रक्ततपासणी करतो, तेव्हा अवटू ग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या स्रावाचे प्रमाण खरोखरच कमी आढळते आणि मालकाला निदान झाल्याचे समाधान मिळते. परंतु या जातीत ते प्रमाण उपजतच कमी असते, असे जाणकार पशुवैद्य सांगतो आणि आळसाला वैद्यकीय प्रतिष्ठा देण्याचा तो प्रयत्न तेथेच निष्फळ होतो.

त्याच चरबीच्या अभावामुळे आणि पातळ कातडीमुळे त्याला थंडी सोसत नाही. परिणामी निवृत्त ग्रेहाउंडचा कपडेपट त्याच्या सेवाकाळातील एका जाकिटापेक्षा कितीतरी मोठा होतो. पावसाचा डगला, हिवाळ्याचा डगला, घरात घालायचा लोकरी अंगरखा आणि कान झाकणारी विणलेली कुंची असा सरंजाम कपाटात जमा होतो. आपल्याकडे निवृत्तांना निरोपाच्या समारंभात शाल आणि श्रीफळ देण्याची प्रथा आहे. माणसांच्या बाबतीत या शाली पुढील समारंभासाठी घडी करून ठेवल्या जातात. जिला शालीचा खरोखर उपयोग झाला असता अशी एकमेव निवृत्त जात मात्र समारंभाविना बाहेर पडते.

बसणे ही क्रिया ग्रेहाउंडला फारशी रुचत नाही, कारण लांब पाय आणि भरलेल्या मांड्या यांमुळे ती त्याला अडचणीची होते. इतर कुत्र्यांच्या प्रशिक्षणाची सुरुवात ज्या आज्ञेने होते, ती ऐकून तो सौजन्याने उभाच राहतो. उभे राहण्याचा कंटाळा आला की जवळच्या माणसाच्या पायांवर आपले सगळे वजन टाकून टेकतो आणि याला प्रेम समजावे अशी अपेक्षा ठेवतो. आनंद झाला की दात वाजवतो; अनोळखी पाहुण्याला ही हल्ल्याची पूर्वसूचना वाटते. झोपेची त्याची सर्वोच्च अवस्था म्हणजे पाठीवर उताणे होऊन चारही पाय छताकडे आणि मान भलत्याच दिशेला. इंग्रजी बोलणारे ग्रेहाउंडप्रेमी या अवस्थेला मेलेल्या झुरळावरून नाव देतात. डोळे अर्धवट उघडे ठेवून झोपण्याचीही अनेकांना सवय असते आणि झोपेत अचानक हात लावला तर काही जण दचकून गुरगुरतात, म्हणून त्यांना दुरून नावाने हाक मारून जागे करावे असा नियम आहे. घरातला सोफा याप्रमाणे पूर्णपणे व्यापला गेल्यावर कुटुंबीय जमिनीवर बसून दूरदर्शन पाहू लागतात. दत्तक नेमके कोणी कोणाला घेतले, हा प्रश्न तोवर बराचसा सुटलेला असतो.

धावपटू घरी आला म्हणजे आता रोज दहा मैल चालणे होईल, वजन उतरेल, रक्तदाब आटोक्यात येईल, अशा हिशेबाने ज्यांनी नवे बूट घेतलेले असतात त्यांची निराशा लवकर होते. निवृत्त ग्रेहाउंडला दिवसातून दोन बेताच्या फेऱ्या पुरतात, आणि पाऊस असल्यास त्याही अधिक वाटतात. कित्येकदा तो रस्त्याच्या मधोमध पुतळ्यासारखा थांबतो. हा हट्ट नसून नव्या जगाने भांबावल्याचे लक्षण आहे असे संस्थेचे लोक समजावतात, परंतु छत्री विसरलेल्या मालकाला या दोहोंतला भेद त्या वेळी महत्त्वाचा वाटत नाही. मग एखादी खार दिसते आणि याच पुतळ्यात अशी वीज संचारते की दोरी धरलेला हात खांद्यातून निखळतो की काय असे वाटते. समोर दिसणाऱ्या हलत्या वस्तूमागे धावणे त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वळणात असल्याने उघड्या जागी त्याला मोकळे सोडू नये, असा बहुतेक संस्थांचा दंडक आहे. त्याचे डोके मानेपेक्षा अरुंद असल्याने साधा पट्टा सहज निसटतो, म्हणून ताण पडताच आवळणारा, मार्टिंगेल नावाचा रुंद पट्टा वापरतात. सवयीने तोंडाला मुसके बांधलेला हा उंच कुत्रा पाहून समोरून येणारे लोक रस्ता ओलांडून पलीकडे जातात. एखाद्या लहानग्या पामेरियनने त्याच्यावर भुंकायला सुरुवात केली, तर तो स्वतः मालकाच्या मागे लपतो.

या सगळ्यात त्याच्या पूर्वायुष्याचे काय होते, हे आता पाहता येईल. ब्रिटिश आणि आयरिश ग्रेहाउंडच्या कानांत ओळखीसाठी गोंदलेली अक्षरे असतात. कुत्र्याला त्यांची दखल नसते. मालकाला मात्र ती दिसताच चैन पडत नाही. तो शर्यतींच्या नोंदी शोधून काढतो, कोणत्या ट्रॅकवर, कितव्या ट्रॅपमधून, किती सेकंदांत, याचा तक्ता तयार करतो, आईबापांचे घराणे चार पिढ्यांपर्यंत नेतो, आणि बागेत भेटणाऱ्या प्रत्येक निरुपद्रवी माणसाला तो तक्ता तोंडपाठ ऐकवतो. कुत्रा एकतीस शर्यतींत दोनदाच जिंकलेला असला, तर पाचवा आलेल्या शर्यतींत पहिल्या वळणावर त्याच्यावर कसा अन्याय झाला, हे सांगताना मालकाचा कंठ दाटून येतो. निवृत्त उपसचिवाला जे स्वतःविषयी बोलावे लागते, ते सर्व येथे दुसऱ्याच्या मुखातून, अधिक आवेशाने आणि विनामूल्य बोलले जाते. म्हणून कुत्र्याला गप्प राहणे परवडते. हयातीचा दाखला देण्यासाठी दर नोव्हेंबरमध्ये बँकेत जाण्याचेही त्याला कारण नाही, कारण जेवणाच्या वेळी तो आपली हयात स्वतःच सिद्ध करतो.

कीर्तीचा हव्यास ज्यांच्या बाबतीत माणसांनी फारच ताणला, त्यांची अवस्था याहून अवघड झाली. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या मिक द मिलरने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे इंग्लिश डर्बी जिंकली, ५२५ यार्डांचे अंतर तीस सेकंदांच्या आत प्रथम कापले आणि निवृत्तीनंतर एका चित्रपटातही काम केले. १९३९ मध्ये तो वारला, तेव्हा त्याचे शरीर पेंढा भरून जतन करण्यात आले आणि आजही तो ट्रिंग येथील संग्रहालयात काचेआड उभा आहे. दिवसाचा बहुतांश काळ आडवे राहण्यात ज्यांचे सुख, त्या जातीतल्या सर्वांत मोठ्या कर्तबगार पुरुषाला कायमचे उभे करून ठेवावे, यावरून माणसाची निवृत्तीविषयीची समज किती तोकडी आहे हे स्पष्ट होते. याच्या उलट १९८९ मध्ये अमेरिकेतील ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्र-मालिकेच्या पहिल्याच भागात, शर्यत हरला म्हणून मालकाने हाकलून दिलेला ग्रेहाउंड एका कुटुंबाने घरी नेला. पराभवाखेरीज दुसरी कोणतीही पात्रता नसलेला हा कुत्रा मालिकेत कायमचा स्थिरावला आहे.

इंग्लंडात किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात असा कुत्रा आल्यास एक वेगळीच चौकशी सुरू होते. सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या आईचा पहिला प्रश्न, “अरे, हा भुंकतो तरी का?” असा असतो, आणि ग्रेहाउंड सहसा भुंकत नाही हे कळल्यावर, “मग चोर आला तर?” हा दुसरा. चोर आला तर कुत्रा सरकून त्याला सोफ्यावर जागा देईल, हे सत्य मुलगा सांगत नाही. परंतु आईने आणलेली जुन्या लुगड्यांची, हातशिलाईची गोधडी म्हणजे अ‍ॅरियनने सांगितलेल्या मऊ, उबदार अंथरुणाचे पूर्ण रूप असल्याने कुत्रा तिच्यावर पहिल्याच दुपारी कब्जा करतो, आणि संध्याकाळी त्याच्या अंगावर दुसरी गोधडी घालून, “किती हाडं दिसतात हो याची, जेवायला घालता ना नीट?” अशी सुनेची हजेरी घेतली जाते. वास्तविक फासळ्या किंचित दिसणे हे या जातीत निरोगीपणाचे चिन्ह आहे, पण हा युक्तिवाद मराठी आईसमोर टिकल्याची नोंद नाही.

खुद्द महाराष्ट्रात या कुळातला कुत्रा आहे तो कारवानी. लातूर, नांदेडकडे आणि सीमेपलीकडे मुधोळ भागात तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची जोपासना केली, इंग्लंडच्या बादशहाला त्याची जोडी भेट दिली, आणि २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने मुधोळ हाउंड या नावाने त्याचे तिकीट काढले. रानात ससा गाठणे हे त्याचे परंपरागत काम; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाच्या शिकारीला बंदी केली आणि कारवानी कायद्यापुरता तरी कामातून मोकळा झाला. त्याच्यासाठी ट्रॅक नाही, ट्रस्ट नाही आणि चारशे पौंडांची योजनाही नाही. तो शेतावरच्या बांधावर राखणदाराच्या जागेवर समायोजित झाला आहे, म्हणजे अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत पाठवावे तसे त्याचे झाले आहे, आणि ग्रेहाउंडच्या तुलनेत त्याचे एकच भाग्य मोठे, की त्याच्या हरलेल्या शर्यतींचा तक्ता कोणी पाठ करत नाही.

शर्यतीचा हा व्यवसाय स्वतःही आता नियत वयोमानाकडे झुकला आहे. ज्या बेल व्ह्यूवर १९२६ मध्ये ब्रिटनमधील पहिली शर्यत झाली, ते २०२० मध्ये या खेळापुरते बंद झाले. न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये या शर्यती जुलै २०२६ अखेर थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत वेल्सच्या सरकारनेही बंदीचा मनोदय सांगितला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०१६ मध्ये बंदी घालून काही महिन्यांतच ती मागे घेतली होती, म्हणजे निवृत्तीचा अर्ज देऊन तो परत घेण्याची मानवी रीत तेथे शासनानेच पाळली. बंदी सर्वत्र झाली, तर निवृत्त ग्रेहाउंडांची आवक आटेल आणि त्यांना घरे शोधणाऱ्या संस्थांचे कामही एक दिवस संपेल. स्वतःची गरज उरू नये यासाठी निधी गोळा करणाऱ्या या दुर्मिळ संस्था आहेत, आणि शेवटचा कुत्रा घरी गेल्यावर त्यांनाही निवृत्त व्हावे लागेल. मात्र त्या माणसांच्या संस्था आहेत. त्यांच्याकडे कार्यकारिणी आहे, वार्षिक सभा आहे आणि माजी अध्यक्ष आहेत. त्यामुळे शेवटचा ग्रेहाउंड सोफ्यावर उताणा झाल्यानंतरही, त्याने किती सेकंदांत काय केले याची स्मरणिका काढण्यासाठी उपसमितीच्या बैठका बराच काळ चालू राहतील, असे अनुमान करण्यास हरकत नाही.